तोंड मिटलेला मासा आणि आग्नेल तांडेल

आग्नेल तांडेलासमोर बिघडलेली वस्तू ठेवायची सोय नव्हती. कोणाचं इंजिन धूर ओकतंय, कोणाच्या बोटात गळ रुतलाय, कोणाचा मिक्सर नुसताच गुरगुरतोय, म्हातारा उठलाच म्हणून समजा. आधी हात घालायचा, मग विचारायचं, हा त्याचा जन्माचा स्वभाव. बहुतेक वेळा वस्तू चालू व्हायची. ज्या वेळी व्हायची नाही, त्याबद्दल त्याची बायको ग्लोरिया बोलायची, आणि ती बोलायला लागली की आग्नेल ओट्यावर जाऊन बसायचा.

पाचूबंदरात जन्मलेला हा माणूस मिसरूड फुटायच्या आधी बापाच्या होडीवर चढला आणि पुढे त्याच होडीचा तांडेल झाला. खलाशांना हाक मारायची, दिशा धरायची, जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचं. जाळं वर येताना आत काय आहे ते डोळ्यांच्या आधी त्याच्या हाताला कळायचं. मग गुडघ्यांनी दगा दिला. होडी मुलाच्या, जॉनच्या, स्वाधीन करून तो घरी बसला. असा माणूस दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवून ठेवला तर तो हात कुठेतरी घालणारच.

त्याच खोलीत त्याच्या सुनेची टाकी होती.

सून क्लेमेंटीन. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरली आणि शेवटी मानेचा मणका सरकला. डॉक्टरांनी सांगितलं, आता डोक्यावर साधी कळशीसुद्धा नाही. वर्षभर ती घरात बसून नुसती कुढली. मग कोळ्यांच्या बायकांना शोभेचे मासे वाढवायला शिकवणाऱ्या एका केंद्रात तिने नाव घातलं. तिथून तिला एक जोडी मिळाली, कार्डिनल माशांची. बोटाएवढे चंदेरी मासे, अंगावर काळे उभे पट्टे, लांब नाजूक पर.

"कार्डिनल?" आग्नेल म्हणाला होता. "मंग बिशपला कुठं ठेवशील?"

सगळे हसले, क्लेमेंटीनही हसली. पण त्याला ते मनापासून पटलं नव्हतं. मासा एक तर खायचा, नाही तर विकायचा. त्याच्याकडे बघत काय बसायचं? ती माशांचं काही सांगायला लागली की तो टोपी उचलून बाहेर जायचा. तिथेच त्याचं चुकलं, कारण ऐकायची ती गोष्ट त्याने ऐकलीच नाही.

हे मासे उबदार समुद्रातले, प्रवाळाच्या कडेचे. तिथे त्यांना गिळायला सगळेच टपलेले, म्हणून ते समुद्री साळूच्या, म्हणजे तळाशी बसणाऱ्या काटेरी चेंडूसारख्या प्राण्याच्या, लांब काट्यांमध्ये दडून राहतात. क्लेमेंटीनने एका करवंटीत काळे प्लास्टिकचे केबल टाय खोचून तसलीच साळू बनवली होती आणि मासे बिचारे तिलाही फसले होते. पण खरी नवलाई पुढे आहे. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. तिथून पुढे तीनेक आठवडे किंवा त्याहूनही जास्त, पिल्लं पोहायला तयार होईपर्यंत, तो तोंड मिटून बसतो. एक घासही खात नाही. आणि फार घाबरला, तर सगळंच्या सगळं गिळून टाकतो.

दोनदा तसंच झालं होतं. दोन्ही वेळा क्लेमेंटीनने आनंदाच्या भरात आळीभर सांगितलं, आळी बघायला लोटली, आग्नेल तेवढा टोपी उचलून बाहेर पडला, पोरांनी काचेवर टकटक केली, आणि दुसऱ्या दिवशी नराचं तोंड रिकामं. म्हणून तिसऱ्या वेळी सासूसुनेने ठरवलं, अक्षर बोलायचं नाही. होडी दर्यात असताना आत मासळी किती आहे हे त्यांच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. तोच नियम त्यांनी टाकीला लावला. टाकीवर चादर टाकली आणि आग्नेलला एवढंच सांगितलं, "बाबा, चादर काढू नका."

आणखी एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक होती. केंद्रातले संकेत सर सोमवारी येणार होते. तोवर पिल्लं दिसली नाहीत तर जोडी परत जाणार, रांगेतल्या दुसऱ्या बाईला मिळणार. हे ग्लोरिया चुलीपाशी सुनेशी कुजबुजताना त्याने ऐकलं होतं.

आणि घरात कोणालाच ठाऊक नव्हतं ते हे, की म्हातारा रोज चादर उचलून बघायचा.

कधी लळा लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. दुपारी घर रिकामं झालं की तो चादरीचा कोपरा वर करायचा आणि त्या दोघांना बघत बसायचा. म्हणून सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात आलं, की नर खात नाही. मादी खाण्यावर तुटून पडते, हा मात्र कोपऱ्यात गप्प. पोट खपाटीला गेलेलं, जबडा सुजलेला, कल्ले ताणलेले. मधूनच तोंड किंचित उघडायचा आणि झटकन मिटायचा.

आग्नेलने असे मासे हजार पाहिले होते. सरंग्याच्या, बांगड्याच्या तोंडात एक पांढरा किडा शिरतो, जिभेला चिकटून बसतो आणि मासा खंगत जातो. दुसरं काही असूच शकत नाही, अशी त्याची खात्री पटली.

शुक्रवारी क्लेमेंटीन विरारला केंद्राच्या मीटिंगला गेली. ग्लोरिया बाजारात, जॉन दर्यात. आग्नेलने चादर उचलली. नर आणखी वाळला होता. सोमवारपर्यंत हा काही टिकत नाही, आणि हा मेला की सुनेचं सगळंच बुडालं. त्याने तिला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेच.

मग त्याने हात घातला.

काम त्याने नीट केलं, हे मान्य केलं पाहिजे. वाडग्यात टाकीचंच पाणी घेतलं, हात ओले केले, जाळीने नर अलगद धरला, वाडग्यावर आणला आणि अंगठ्याने कल्ल्यामागे हलकेच दाबलं. तोंड उघडलं. काडीपेटीतल्या काडीचं बोथट टोक त्याने आत घातलं.

किडा आला नाही. नारिंगी मणी आले. एक, दोन, मग घोसच्या घोस, टपटप वाडग्यात. मासा तडफडला, हातातून निसटला आणि उरलेले चारदोन मणी सांडत टाकीत जाऊन पडला. मादी विजेसारखी धावली आणि तिने त्यातला एक गट्ट केला. आग्नेलने कोपरापर्यंत हात टाकीत घालून तिला हुसकावलं, पण तोवर बाकीचेही गेले होते.

त्याने वाडगा उजेडाला धरला. माशांच्या अंड्यांची गाभोळी त्याने जन्मभर पाहिली होती. पण या प्रत्येक मण्यातून दोन काळे डोळे त्याच्याकडे बघत होते.

आग्नेलने वाडगा जपून जमिनीवर टेकवला. तो खाली बसला. काय करून बसलो हे त्याला एका क्षणात सगळं कळलं: चादर, कुजबुज, न खाणारा नर. सुनेचं घर चालवायचं साधन त्याने काडीने कोरून बाहेर काढलं होतं.

आणि मग त्याच्या मनात ते आलं. माणूसच तो, येणारच. वाडगा मोरीत ओतायचा, चादर होती तशी टाकायची. आधी दोनदा सगळं गेलंच होतं, तिसऱ्यांदाही गेलं असं ती समजेल. रडेल, पण त्याला कोणी काही म्हणणार नाही. तो वाडगा घेऊन उभासुद्धा राहिला. मोरी चार पावलांवर होती.

त्याने पुन्हा फोन लावला. या वेळी तिने उचलला.

"बाबा, मीटिंग चालू आहे. काय झालं?"

"क्लेमेंटीन, मी त्या नराचा तोंड उघडला. मला वाटला, किडा हाय."

पलीकडे माइकवर कोणीतरी बोलत होतं, तेवढंच ऐकू येत राहिलं.

"पडली?" तिने विचारलं.

"पडली. वाडग्यात हायेत. डोले आलेत त्यांना."

तिने श्वास घेतल्याचं त्याला ऐकू आलं. "डोळे आलेत ना? मग ऐका. आता मी सांगते तेवढंच करायचं. स्वतःचं काही नाही. कळलं?"

साठ वर्षांत त्याला असं कोणी सांगितलं नव्हतं. "कळला," तो म्हणाला.

अंडी पडून राहिली की मरतात. नर ती तोंडात सारखी घोळवत असतो, म्हणूनच ती जगतात. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, बाटली उलटी टांगायची, टाकीचं पाणी, बूच लावलेल्या तोंडापर्यंत वरून सोडलेली हवेची बारीक नळी, बुडबुडे इतके मंद की अंडी नुसती लोळतील. तिने एकेक सांगितलं, त्याने एकेक केलं. मणी वर उठले, खाली आले, पुन्हा वर उठले. ती रिक्षात बसली होती; मागून हॉर्न वाजत होते.

तेवढ्यात वीज गेली. शुक्रवारची दुरुस्ती. पंप थांबला आणि सगळे मणी सावकाश तळाशी बसले.

"बॅटरीवाला पंप एकच हाय," आग्नेल ओरडला. "बाटलीला लावू?"

"नको! तो टाकीला. नर आधीच अर्धा मेलाय, तो गेला तर पुढचं सगळंच गेलं. बाटली काढा आणि हातानं हलवा. थांबू नका. मी गास गावच्या रस्त्याला आहे, पुढे ट्रॅफिक आहे."

त्याने बाटलीच्या तोंडाचं बूच घट्ट केलं आणि ती दोन्ही हातांत घेतली. जोरात हलवली तर मणी आपटत होते, हळू हलवली तर उठत नव्हते. सुपात तांदूळ घोळवतात तसं मनगट फिरवल्यावर कुठे ते नीट लोळायला लागले. मग तो थांबला नाही. गुडघे पेटले, खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात नव्हता. बघता बघता एक मणी पांढरा पडला. थोड्या वेळाने दुसरा. पांढरं पडलेलं मेलेलं, हे त्याला सांगायला कोणी नको होतं. "देवा, आता नको," तो मोठ्याने म्हणाला, आणि मनगट फिरवत राहिला. ग्लोरिया बाजारातून आली, दारातच थबकली. नवऱ्याचं तोंड बघून तिने पिशवी खाली ठेवली आणि पदराने त्याचा घाम पुसला.

क्लेमेंटीन आली ती चपला न काढता. बाटली तिने त्याच्या हातातून घेतली, उजेडात धरली, ड्रॉपरने पांढरी अंडी वेचून काढली. आग्नेलची बोटं तशीच वाकडी राहिली होती, सरळ होत नव्हती.

"माझा चुकला, पोरी."

"बाबा, आता नका बोलू," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. शनिवार गेला, रविवार गेला. ताट वेळेवर समोर यायचं, चहा यायचा, औषधाची गोळी यायची, शब्द येत नव्हता. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तो सगळ्यांच्या मागे बसला. रोज काही अंडी पांढरी पडत होती आणि ती खाली मान घालून वेचत होती. रविवारी संध्याकाळी मात्र उरलेल्यांपैकी बहुतेकांची टरफलं फुटली आणि आतून शेपट्या बाहेर आल्या. पोटाखाली नारिंगी गोळा अजून तसाच, पण शेपटी हलत होती. ग्लोरियाने छातीवर क्रूस काढला. आग्नेल दारातून बघत होता. आत यायचं धाडस त्याला होईना.

सोमवारी संकेत सर आले. बाटलीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अंडी बाहेर काढून वाढवलीत? हे आपण शिकवलं नव्हतं. कोणी काढली?"

क्लेमेंटीनने बाटलीतली नळी सारखी केली. आग्नेल खुर्चीवरून उठला.

"मी काढली, साहेब. शिकून नाय. तोंडात किडा हाय समजून. अर्धी माझ्यामुलं मेली. तिचा काय दोष नाय. जोडी न्यायची तर माझा नाव सांगून न्या."

सर उठून उभे राहिले. हसावं की रागवावं, ते त्यांना समजेना.

"इतके दिवस उपाशी राहून अंडी सांभाळणारा नर सहजी मिळत नाही," शेवटी ते म्हणाले. "जोडी राहू दे. पण क्लेमेंटीनताई, एक अट आहे. टाकी इथून हलवा. आतल्या खोलीत न्या, दाराला कडी लावा. या खोलीत बाबा असतात."

आग्नेलने मान खाली घातली. अट योग्यच होती. सरांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

"नाही सर," क्लेमेंटीन म्हणाली. "टाकी इथंच राहील."

"अहो, पण बाबा..."

"बाबा दिवसभर इथंच असतात. म्हणूनच ठेवते."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. क्लेमेंटीनने बाटली उचलली, उजेडात फिरवून बघितली आणि सासऱ्यापुढे धरली.

"एक पांढरं दिसतंय, बाबा," ती म्हणाली. "तेवढं काढा."