मातीविना मेथी

मूठभर ओली वाळू नाकाशी धरून आक्का डोळे मिटायच्या आणि एवढंच सांगायच्या, "ही चालंल," नाहीतर, "ही फेका." जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी बी.एस्सी. होऊन नवीनच लागले होते. तिथल्या उगवण तपासणीच्या खोलीत आक्का ट्रे भरायच्या, बी मांडायच्या, पाणी द्यायच्या. शिक्षण चौथी, गाव पिंपळगाव रेणुकाई. त्यांनी फेकायला सांगितलेल्या वाळूत मी एकदा हट्टानं ज्वारी लावून पाहिली. निम्मी कुजली. त्याच पिशवीतलं बी त्यांच्या वाळूत एकूणएक वर आलं.

"बी खोटं बोलत न्हाई, बाई," आक्का म्हणाल्या. "आपण त्याला जागा खोटी देतो."

दुसऱ्या उन्हाळ्यात मला दिवस गेलेले होते. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त फारच कमी असल्याचं सांगितलं. लोहाच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. हिरवा पाला खा, म्हणाल्या. पण त्या वर्षी नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. बाजारात जी थोडी मेथी दिसायची ती नाल्याकाठची, आणि आमच्या मस्तगडच्या गल्लीत घरोघर काविळीचे रोगी. मी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसले होते. आक्कांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी उगवून देते. तुझ्या घरातच. चार बोटं वाढली की कापायची."

"आक्का, आपल्याकडे मेथीच्या बियांचं पोतं पडलंय. त्यातलं मूठभर घेऊ?"

त्या एवढ्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "त्या गुलाबी बियाला औषध चोळलेलं हाय! पोटात लेकरू अन् ते खाती?"

दुसऱ्या दिवशी त्या घरची मेथी पदराला बांधून आल्या. माती नकोच, म्हणाल्या. तिच्यात काय असेल सांगता येत नाही, आणि पाणीही फार पिते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी चार ताटल्या मांडल्या. एकीत वाळू, दुसरीत कापूस, तिसरीत नवं गोणपाट उकळून, चौथीत देवळातून आणलेल्या नारळाच्या शेंड्या बारीक पिंजून. शेंड्यांचं तांबडं पाणी त्यांनी तीनदा काढलं, तरी चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय अजून."

तिसऱ्या दिवशी सगळ्या ताटल्यांत मुळांभोवती पांढरी लव दिसली. मी घाबरले. "बुरशी आली, आक्का. टाकून देऊ." त्यांनी एकेका ताटलीवर हातानं पाणी शिंपडलं. वाळूतली लव पाण्यासरशी मुळाला चिकटून दिसेनाशी झाली. कापसातली तशीच राहिली, जाळ्यासारखी. "पाण्यानं बसली ती मुळाची. उठूनच राह्यली ती बुरशी," असं म्हणत त्यांनी कापूस उचलून बाहेर टाकला. तीन वर्षं शास्त्र शिकलेली मी, ते वहीत टिपून घेतलं.

गोणपाटाला चौथ्या दिवशी वास सुटला. शेंड्यांवरचा पाला पिवळा पडला. वाळूवरचा हिरवागार आला, पण कितीही धुतला तरी कचकच दाताखाली यायची. मला वाटलं, झालं, संपलं. आक्का मात्र खिडकीशी बसून बराच वेळ त्या मुळांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याचं जुनं धोतर हाय का?"

मऊ झालेल्या धोतराचा तुकडा त्यांनी उकळला, ओल्या वाळूवर ताणून पसरला आणि बी त्या कापडावर ठेवलं. मुळं कापडातून खाली वाळूत उतरली, पाला वर स्वच्छ राहिला. दिवसाला ताटलीमागं एक पेला उकळून गार केलेलं पाणी, बस्स. कापडावर बी मांडल्यापासून आठव्या दिवशी त्यांनी कात्रीनं पहिला पाला कापला, तेलावर परतला आणि भाकरीवर घालून माझ्यापुढे धरला. मी पोटभर जेवले, ते पोटात राहिलं.

मग बाळंतपणापर्यंत आक्कांनी ताटल्यांची अशी पाळी लावली की रोज एक कापायला यायची. हळूहळू गोळ्याही पचू लागल्या. बाळंतपण अवघड झालं, रक्त बरंच गेलं. मुलगी हातात देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात पाचव्या महिन्याएवढंच रक्त असतं, तर मी तुम्हाला वाचवू शकले नसते." पाल्यानं वाढलं की गोळ्यांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा आक्कांचे गुडघे थकले आणि त्यांनी काम सोडलं. त्यांच्या गावाकडं जाणाऱ्या भोकरदनच्या गाडीवर मी त्यांना पोचवायला गेले, लेकीला कडेवर घेऊन. कुठून धीर आला माहीत नाही, मी विचारलं, "आक्का, माझ्यासाठी एवढं का केलंत?"

त्यांनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "माझी थोरली तुझ्याएवढीच होती. बाळंतपणात गेली. रक्तच न्हवतं अंगात, म्हणले. तवा मला ह्यातलं काहीच येत न्हवतं."

चार वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं. रोज माझ्या पोटाकडे बघत त्यांनी ताटल्या भरल्या होत्या आणि हे एकदाही बोलल्या नव्हत्या. गाडी सुरू झाली, तशी खिडकीतून त्यांचाच आवाज आला, "उन्हात काय उभी राह्यली? लेकराला घेऊन घरी जा जल्दी."