सलामीचा हात

मोशीच्या आमच्या तालमीत एके काळी कुस्तीच्या हौद्यात उतरायला पाळी लावावी लागे. मग पिंपरी-चिंचवडला कंपन्या आल्या आणि तरणी पोरं शिफ्टला लागली. तालमीत उरली ती मिसरूडही न फुटलेली शाळकरी पोरं आणि भिंतीला टेकून जुन्या कुस्त्या सांगणारे म्हातारे. मधली फळी गारद. त्यात मीही, चोवीस वर्षांचा.

वस्ताद माझे सख्खे चुलते. पंचावन्न वय, अजून मातीत उतरायची तयारी, पण जोडीला कुणी उरलं नव्हतं. पोरांना खरी कुस्ती दिसली नाही तर उद्या तीही जातील, हा एकच घोर त्यांना लागला होता.

एका संध्याकाळी ओव्हरटाइम करून बसमधून उतरलो, तर निरोप आला, तालमीत ये, पोरांना कुस्ती दाखवायचीय. गेलो. दमलोय म्हटलं, तर सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला.

"कंपनीचा हमाल झाला ह्यो. रग न्हाई ऱ्हायली अंगात!"

सकाळीच फोरमननं आईवरून शिवी दिली होती. ती मुकाट गिळली होती. ही थप्पड गिळवली नाही. शर्ट फेकला आणि पँटीनिशीच हौद्यात उडी घेतली.

आमच्याकडे सलामी झाल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. आधी हातात माती द्यायची, मग भिडायचं. चुलत्यांचा राग तेवढ्यात निवला होता. त्यांनी मूठभर माती उचलली आणि हात पुढं केला.

मी तो हात मनगटाला धरून पिळला आणि सगळं वजन कोपरावर टाकलं. काडकन आवाज झाला. ते खाली पडले तरी थांबलो नाही. छातीवर बसून तोंडावर गुद्दे घातले, नाकातलं रक्त मातीत सांडेपर्यंत. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

"सोड रं, मरंल त्यो!" म्हणत म्हाताऱ्यांनी मला ओढून काढलं. पोरं भिंतीला चिकटून रडत होती.

चुलते उठून बसले. हात लोंबत होता. "पोरांनो, पाय सरकला माझा," ते म्हणाले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ते दुपारपर्यंत हौद्याशी बसले. एकाही आईनं पोर पाठवलं नाही. पुढंही नाही.

तालीम कंपन्यांनी मोडली, असं गावात अजून म्हणतात. तरण्यांपुरतं ते खरं आहे. लहान पोरं मी घालवली, आणि चुलते होते तोवर हे तोंडातून काढलं नाही.