उरलेलं पाकीट

गोळ्या मीच दिल्या, हे आधी सांगून टाकतो. देवणीत लोक अजून म्हणतात, मलप्पाअण्णा वयानं गेले.

अण्णा आमचे शेजारी. चाळीस वर्षं त्यांनी देवणी वळू पाळले. कान आणि कपाळ बघून जनावर जातिवंत आहे की नाही, हे बिनचूक सांगायचे. माणसांच्या बाबतीत मात्र चुकायचे. मला शहाणा समजायचे. गेल्या वर्षी त्यांना विसर पडू लागला, चालणं मंदावलं आणि घरात नसलेली वासरं दिसू लागली. "रुद्राणी, काळ्या कानाचं बिनपाण्याचंच निघालं की," म्हणायचे. रुद्राणीकाकू बादली भरून ठेवायच्या. चार महिने काकूंच्या झोपेचं खोबरं झालं. शेवटी त्यांनी मला विचारलं, "ह्यांना झोप लागंल असं काही हाय का तुझ्याकडं?"

आमच्या आळीत विरजण मागावं तशी गोळी मागतात. एकाला गुण आला की पाकीट घरोघर फिरतं. माझ्या आईलाही विस्मरणाचा आजार होता. ती फार आरडाओरडा करायची, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं शांत व्हायची. ती गेली, अर्धं पाकीट उरलं. दोघांचा आजार एकच, असं मी ठरवून मोकळा झालो आणि त्यातल्या गोळ्या काकूंना दिल्या.

तिसऱ्या दिवशी अण्णा लाकडासारखे ताठ झाले. घास गिळवेना. लातूरला नेलं. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "विस्मरणाचे आजार सगळे सारखे नसतात. तुम्ही सांगता त्यावरून आईच्या मेंदूत मुख्यतः ॲसिटिलकोलिन हे रसायन कमी पडलं असणार. यांचा लेवी बॉडी नावाचा प्रकार आहे. यात ते कमी होतंच, शिवाय हालचाल सांभाळणारं डोपामिनही आटतं. तुमच्या गोळीनं उरलेल्या डोपामिनचंही काम अडवलं."

यावर उतारा नाही का, मी विचारलं. गोळी बंद करून वाट बघायची, एवढंच त्या म्हणाल्या. नऊ दिवस वाट बघितली.

गावात मी कुणाला काही बोललो नाही. भ्यालो, दुसरं काय. महिन्याभरानं काकू दारात आल्या.

"वैजनाथ, आता मलाच झोप येईना. त्यातली एखादी गोळी हाय का?"

मग सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. काकू पायरीवर बसल्या.

"वासरं दिसली की ते लई खुशीत असायचे," त्या म्हणाल्या. "झोप मला पाहिजे होती."