मावशीची डबी

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा सावर्ड्याजवळच्या आमच्या गावात कातारकाम करतात. खाटेचे पाय, पोळपाट, पाळण्याचे दांडे. मी लोट्याला एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये लागेन, सकाळी कंपनीची बस मला न्यायला फाट्यावर येईल, हे त्यांनी बाजारात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मुलाखतीचं बोलावणंही त्यांच्याच ओळखीतून आलं होतं. मी जेवताना म्हणाले, मला लेथवर काम करायचंय.

बाबांनी ताट सरकवलं. "केमिस्ट्री कशाला शिकलीस गो? लाकडाला अ‍ॅसिड पाजायला?"

मी एवढंच म्हणाले, "मला जमतं ते."

"जमतं? बरं. एक डबी करून दाखव. नाय जमली तर परत हा विषय काढायचा नाय. मुलाखतीला जायचं."

डबी कसली, ते त्यांनीच ठरवलं. नमनाच्या खेळात पुरुष नऊवारी नेसून मावशी होतो, त्या मावशीची. डोकं आणि खांदे म्हणजे झाकण, खाली लुगड्याचा घेर म्हणजे डबी. कातून आणि आतून पोखरून ते देणार. कोरायचं आणि रंगवायचं मी.

दोन दिवसांनी त्यांनी शिवणीच्या लाकडाची डबी माझ्यापुढे आपटली. झाकण घट्ट बसवलेलं, पुढच्या अंगाला पेन्सिलीने नाकाची उभी रेघ मारलेली. आमच्याकडे कोरून होईपर्यंत डबी उघडायची नाही, अशी रीत आहे. उघडून परत लावली की झाकण किंचित फिरतं आणि खांद्यावरचा पदर खालच्या पदराशी जुळत नाही. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. मी उघडली नाही.

उजव्या डोळ्याची खाच काढताना पटाशी आरपार गेली.

मी फार दाबली नव्हती. म्हणजे मला तसं वाटतं. बाबा दारातच उभे होते. "झालं? मुलाखतीसाठी चांगला ड्रेस इस्त्री करून ठेव," म्हणाले आणि निघून गेले.

मग मी रीत मोडून झाकण काढलं. कड सगळीकडे सारख्या जाडीची होती. पण आत बोट घातलं तर वरची पोकळी एका अंगाला सरकलेली. पेन्सिलीच्या रेघेमागे लाकूड पापडाएवढं पातळ, मागच्या बाजूला बोटभर जाड. कड कातून झाल्यावर तुकडा लेथवरून सोडवून, सरकवून पुन्हा बांधल्याशिवाय असं होत नाही. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या हातून हे चुकून तर होतच नाही.

मी झाकण घेऊन स्वयंपाकघरात गेले. ते चहा पीत होते.

"बाबा, तुकडा सरकवलात?"

"सरकवला."

"का?"

"फुटावा म्हणून."

"आणि ती रेघ?"

"ती पण मीच मारली. तू बघून घ्यायला नको?"

आईने लाटणं खाली ठेवलं. "काय माणूस आहे! पोटच्या पोरीशी असं वागतात?"

"मी काय सांगू बाजारात?" बाबा तिच्यावर ओरडले. "पोरगी शिकली आणि भुशात बसली?"

मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांचंच खरं झालं असतं. मी पुन्हा लेथच्या शेडमध्ये गेले. डबी फिरवली. जाड बाजूवर नवी रेघ मारून तिथे चेहरा कोरला: पसरट नाक, पान खाऊन फुगलेला गाल. फुटलेली जागा आता डोक्यामागे आली होती; तिथलं भोक नीट गोल केलं, लेथवर एक लाकडी अंबाडा कातला, त्याची खुंटी डिंक लावून भोकात ठोकली. भोक मधोमध नव्हतं, त्यामुळे अंबाडा एका बाजूला कलला. काचपेपर मारला, हिरवं लुगडं, लाल कुंकू. या सगळ्यात चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण काढलं, लावलं. अंबाडा चिमटीत धरून जोरात ओढला. निघाला नाही. अजून ओढला.

"ही डबी नाय. ही डागडुजी."

"उघडते. बंद होते," मी म्हणाले. "तुम्ही डबी करायला सांगितली होती."

त्यांनी ती माझ्या अंगावर फेकली नाही, एवढंच म्हणता येईल. टेबलावर ठेवली ती तोंड भिंतीकडे करून.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी खाटेचा पाय कातत होते. कंपनीतल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. बाबा मुद्दाम माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"नाय येणार ती," ते फोनवर म्हणाले. "नाय हो, लग्न कसलं. कातारी झालीय." शिवी द्यावी तसा तो शब्द त्यांनी माझ्याकडे बघत उच्चारला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण त्यांचा चेहरा आणखी आंबला.

मी लेथची मोटर बंद करायला हात पुढे केला. त्यांनी तो झटकून टाकला आणि फोनमध्ये खेकसले, "मोठ्यानं बोला जरा. इथं काम चाललंय."