वेल कुठे काढायची

पहाटे पाचला गवंडीमामाचा दिवस सुरू व्हायचा. लोकांच्या छताकडेला गिलाव्याची वेलबुट्टी काढण्यात त्याची हयात गेली. अखेर स्वतःच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, तेव्हा बायको म्हणाली, "आता आपल्याकडेही काढा."

"साध्या भिंती ठेवणार."

"अहो, वेलबुट्टी मुळात आमच्या भरतकामातली. कापडावर वेल, वेलीवर बुट्टी. ती तुम्ही भिंतीवर चढवलीत."

चहाला आलेले शेजारचे गवईबुवा म्हणाले, "वहिनी, गाण्यातली वेलबुट्टी त्याहून जुनी."

मामाने कप खाली ठेवला. "बुवा, तुम्ही ती कुठे काढता? दम संपतो तिथे. आमची ही कापडावर बुट्टी कुठे भरते? कापड विरलंय तिथे. मी वेल कुठे काढतो? छत आणि भिंत नीट जुळत नाहीत तिथे. तिचं मूळ हेच."

बुवांना लगेच घरचं काम आठवलं.

साध्या भिंतीत मात्र खोट लपत नाही. मामा दिवा भिंतीलगत आडवा धरायचा, कुठे जरा उंचवट्याची सावली पडली की सगळा गिलावा खरवडून पुन्हा थापी हातात घ्यायचा. साठवलेली मजुरी अशी त्या भिंतीतच जिरली. भिंत आरशासारखी झाली. आलेला प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून विचारतो, "काम अजून बाकी आहे वाटतं?"

"हो ना," बायको म्हणते, "मजुरी संपली."