बाळापूरला जाऊन भरलेलं पेट्रोल

मुलानं पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला दिली. ही विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही. रात्री पोर्चमधल्या बोर्डात तिची पिन लावायची, सकाळी ती चाळीसेक किलोमीटर विजेवर जाते. चार्जिंग संपलं की आपोआप पेट्रोलचं इंजिन सुरू होतं. म्हणजे ती वाटेत अडून बसण्याचा प्रश्नच नाही. हे शेवटचं वाक्य मात्र मी हिंगोलीत कुणालाच सांगितलं नाही.

विजेवर असली की तिचा आवाज येत नाही. भाजीबाजारात लोक बाजूलाच सरकत नसत. एकदा एक बाई टोपलीसकट दचकली आणि म्हणाली, "आवं, चोरावानी मागून काहून येऊन राहिले?" तेव्हा मला राग आला होता. बाईची पारख बरोबर होती, हे पुढं कळलं.

आमच्याकडे घरापुढे चारचाकी उभी राहिली की ती निम्मी गावाची होते. पोरगी पाहायला जायचंय, द्या गाडी. नवरदेव आणायचाय, द्या गाडी. नाही म्हणायची सोय नाही. म्हटलं की माणूस माजला. पहिल्याच आठवड्यात शेजारी आले. त्यांना साखरपुड्यासाठी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला जायचं होतं. आदल्या रात्रभर लाईट नव्हती, म्हणून मी म्हणालो, "चार्जिंग न्हाई हो." पेट्रोलचं काही बोललो नाही, एवढंच. शेजारी उलट हळहळले. "लै तकलीफ हाय राव तुमाला!" गाडीही दिली नाही आणि वर सहानुभूतीही मिळाली.

मग काय, जो येईल त्याला चार्जिंग नाही. पिन लावलेली दिसली तर "आत्ताच लावली, उद्या सकाळी होईल." एका चौकस पाहुण्यानं पेट्रोलच्या झाकणावर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचं?" मी म्हणालो, "बॅटरीच्या पाण्याचं." पण गावातल्या पंपावर कुणी पाहिलं असतं तर? म्हणून पेट्रोल भरायला मी थेट नांदेडच्या रस्त्यावरचं आखाडा बाळापूर गाठायचो. पेट्रोल भरण्यासाठी पेट्रोल जाळणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन. बायको म्हणायची, "गाडीचं चार्जिंग तरी संपतं. तुमच्या थापा काही संपत न्हाईत."

अशात गावातच राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, बुधवारी नांदेडला यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय. गुरुवारी सोडतील. बशीत धक्के बसतेत, डोळ्यात धूळ जाती. तू न्यायला येशील का?"

"अगं, नांदेडपर्यंत चार्जिंग पुरत न्हाई तिला."

"व्हय, ते बी खरंच. बशीनं येतो आमी."

वाईट वाटलं मला. पण एकदा गाडी नांदेडला गेली की सगळ्या भावकीला कळणार आणि दारात रांग लागणार, अशी मी मनाची समजूत घातली. सख्ख्या बहिणीपेक्षा मी माझी थाप जपली.

रविवारी सासुरवाडीला जायचं होतं, म्हणून गुरुवारी दुपारी बाळापूरला पेट्रोल भरायला गेलो. बहीण आणि दाजी सकाळच्या बशीनंच परतले असतील, असं मी धरून चाललो होतो. पंपावरच्या माणसानं नळी टाकीत घातली आणि रस्त्यापलीकडे नांदेडहून आलेली बस थांबली. खिडकीत दाजी होते, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले. शेजारी बहीण पदर धरून त्यांच्या तोंडावरची धूळ अडवत होती. तिनं मला पाहिलं, मग गाडीला, मग टाकीतल्या नळीला.

मी धावत रस्ता ओलांडला. "दाजी, उतरा. गाडीनं जाऊ, घरापर्यंत सोडतो." दाजी उठायला लागले. बहिणीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "तिकीट हिंगोलीपर्यंतचं काढलंय."

बस निघाली. मी पैसे देऊन मागोमाग निघालो. रस्ता मोकळा होता, तरी बस ओलांडून पुढं जायचा धीर झाला नाही. कळमनुरी गेली, हिंगोली आली, आणि मी सगळी वाट त्या बशीची धूळ खात मागंच राहिलो.