सगळ्यांत मागची गाडी

मोटरसायकलीचा शोध हळू जाण्यासाठी लागला, अशी पक्की समजूत असलेले गृहस्थ अख्ख्या हिंदुस्थानात एकच आहेत आणि ते नात्याने माझे साडू लागतात; मी त्यांना भाऊजी म्हणतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला जबलपुरात, कांचघरला. सारी नोकरी फॅक्टरीच्या तपासणी खात्यात गेली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आम्हाला तपासायला घेतलं. आम्ही पाच-सहा मित्र थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवार गाठून गाड्या काढतो आणि पचमढी, अमरकंटक असे डोंगर हिंडून येतो. निघायच्या आधी हे हात पाठीशी बांधून प्रत्येक गाडीभोवती प्रदक्षिणा घालणार, चाक अंगठ्याने दाबणार, 'हूं' म्हणणार. त्या 'हूं'चा अर्थ हवा बरोबर आहे असा की कमी आहे असा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. विचारायची सोय नाही, कारण तोवर त्यांच्या डोक्यावर कानटोपी, तिच्यावर मफलर आणि त्यावर हेल्मेट चढलेलं असतं. आत स्वेटरखाली, छातीवर, वर्तमानपत्राची घडी. वारा लागत नाही म्हणतात. एकदा मुक्कामाला पोचल्यावर त्यांनी तीच घडी बाहेर काढून, चष्मा लावून, पहिल्या पानापासून वाचायला घेतली होती. "सकाळी वेळ कुठं मिळाला?" म्हणाले.

त्यांच्या वेगाबद्दल काय बोलावं! नरसिंहपूरच्या अलीकडे एका दूधवाल्याने सायकलवरून त्यांना मागे टाकलं आणि टाकता टाकता काळजीने विचारलं, "चाचा, पेट्रोल खतम हो गया क्या?" हे प्रसन्न हसले आणि म्हणाले, "नहीं भैया, पेट्रोल भी है, टाइम भी है।" म्हैस आडवी आली की आपण हॉर्न वाजवतो, हे इंजिन बंद करतात. घाटातल्या प्रत्येक वळणाला हॉर्न देऊन वर मोठ्याने "नर्मदे हर!" म्हणतात. का, तर समोरून येणाऱ्याला हॉर्न ऐकू गेला नाही, तरी नर्मदामाई ऐकेल. रस्त्याकडेला शेंदूर फासलेला दगड जरी दिसला, तरी गाडी स्टँडवर लावून, हात जोडून, डोळे मिटून उभे. देव जितका लहान, तितका जास्त वेळ. त्याच्याकडे गर्दी कमी असते ना, म्हणून. करेलीला गूळ घ्यायचा म्हणजे घ्यायचाच, आणि तो घेण्याआधी चार दुकानांतला चाखायचा. बाजूच्या पेटीत दशम्या, ठेचा, छोटा स्टोव्ह आणि चहाचं सगळं सामान. आम्ही जिथे पोचतो तिथे भूक आधी पोचलेली असते आणि दशम्या तासाभराने येतात.

पण आमच्या टोळीचा एकुलता एक कायदा त्यांनीच केलेला आहे. जिथे रस्ता फुटतो, तिथे प्रत्येकाने थांबायचं. आपल्या मागचा डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलायचं नाही. "पंगतीत शेवटच्या पानाला भात पोचला नाही, तर वाढपी हात धुतो का?" असं त्यांनी विचारलं होतं. आणि शेवटचं पान ते स्वतः. सगळ्यांत मागची गाडी कायम त्यांची. कोणाची चेन उतरो, कोणाचं पंक्चर होवो, थोडं थांबलं की मागून "नर्मदे हर" ऐकू यायचं आणि जीव भांड्यात पडायचा.

मागच्या हिवाळ्यात पचमढीला निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "हे पाहा, यांचे गुडघे गेलेत. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन म्हणता म्हणता दोन्ही डोळ्यांची झाली. माझं ऐकत नाहीत. तुम्ही या वेळी लक्ष ठेवा आणि आल्यावर मला खरं सांगा. जमत नसेल तर गाडी विकून टाकते. तुमच्या शब्दावर." झालं! तपासणीवाल्याची तपासणी माझ्याकडे आली. रात्री मला उचकी लागली तरी वाटलं, भाऊजीच नाव काढून राहिलेत.

मग मी एक शहाणपणा केला. आमच्यात बँकेतला एक तरुण आहे, ज्याला मराठी सगळं समजतं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडतं. त्याला म्हटलं, या वेळी तू भाऊजींच्या मागे राहा. भाऊजींना हे बिलकुल आवडलं नाही. "काहून? मी काय पडून राहिलो का?" म्हणाले आणि पिपरियापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मटकुलीच्या फाट्यावरून भाऊजींची गाडी लांबून येताना दिसली, तसे आम्ही बाकीचे घाट चढलो आणि वर एका मोकळ्या वळणावर थांबलो. बऱ्याच वेळाने बँकवाला आला. एकटाच. "चाचा मंदिर पे रुके थे, आँखें बंद करके। मैंने सोचा डिस्टर्ब नहीं करूँ, आगे निकल आया। फाटे पे रुकना भूल गया। आते ही होंगे।" आम्ही वाट पाहिली. हॉर्न नाही, नर्मदे हर नाही. फोन लागेना. ऊन कलायला लागलं. मी गाडी वळवली आणि उलटा उतरत सुटलो. प्रत्येक वळणावर खाली दरीत पाहायचं आणि पाहायची हिंमत होत नव्हती. ताईंना काय सांगू, एवढं एकच डोक्यात.

मटकुलीच्या फाट्यावर, पुलाच्या कठड्याला टेकून भाऊजी बसले होते. शेजारी स्टोव्ह, कागदावर गूळ. मला पाहताच उठले. चेहरा पार उतरलेला.

"छोटे जावई, तो पोट्टा अजून आला नाही हो! दोनदा देवळापर्यंत मागे जाऊन पाहून आलो. कुठं पडला का काय, कोणालाच माहीत नाही. मी कसा येऊ?"

मला आधी हसूच येईना. त्यांच्याच कायद्यात ते अडकले होते. मागचा पुढे निघून गेला होता आणि हे त्याच्यासाठी थांबून होते. कोणी न्यायला आलं नसतं, तर अंधार पडेपर्यंत थांबले असते, यात मला तिळमात्र शंका नाही. तो वर पोचल्याचं मी सांगितलं, तेव्हा ते पुन्हा कठड्याला टेकले. मला वाटलं, आता आवाज चढणार.

"पोचला ना? बस. चलो, चहा घ्या," म्हणाले. मग दोन घोट घेतल्यावर एकदम उजळले. "म्हणजे शेवटचा मीच होतो की!"

रविवारी उतरताना मी त्यांच्या मागे राहिलो. एका अवघड वळणावर त्यांनी दोन्ही पाय टेकले. पुढे थांबताना गाडी कलली, ती त्यांनी गुडघ्याने कशीबशी तोलली आणि कोणी पाहिलं का म्हणून मान वळवली. मी पेट्रोलच्या टाकीकडे बघत बसलो. पण ते तपासणी खात्यातले. करेलीला गूळ चाखता चाखता म्हणाले, "तुम्हाला कशाला पाठवलंय, मला माहीत आहे. खोटं नका बोलू तिच्याशी."

कांचघरला ताई फाटकातच उभ्या होत्या. मी सुरुवात केली, "अहो, एकदम ठणठणीत…" तेवढ्यात भाऊजींनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "विकू नको. सराफा बाजारापर्यंत चालवीन. घाट नको आता." जे हवं होतं तेच ताईंना मिळालं होतं. पण किल्ली मुठीत घट्ट धरून त्या आत गेल्या आणि चहा यायला फार वेळ लागला.

या हिवाळ्यात आम्ही अमरकंटकला गेलो. भाऊजी माझ्या मागे बसले होते. कानटोपी, मफलर, वर्तमानपत्र, सगळं जसंच्या तसं. मांडीवर दशम्यांचा डबा. साहजिकच सगळ्यांत मागची गाडी आता माझी. प्रत्येक वळणाला हॉर्न माझा आणि नर्मदे हर त्यांचं. आणि जिथे रस्ता फुटतो, तिथे माझ्या पाठीवर थाप पडते.

"थांबा, छोटे जावई."

"भाऊजी, आपल्या मागे कोणी नाही. आपणच शेवटचे."

"माहीत आहे मला. तरी पाहून घेऊ."

मी इंजिन बंद करतो. ते वळून त्या रिकाम्या रस्त्याकडे निवांत पाहून घेतात आणि समाधान झालं की "चलो" म्हणतात. सुरुवातीला मी वैतागायचो. हल्ली थाप पडायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर गेलेला असतो.